बंदर बंद

यास्ना, तुझ्या कागदावर चारच चौकोन.
अजिबात नाही, थोडंसं, बरंच, खूप.
गेल्या आठवड्यात काळजी वाटली का?
पेन तूच धर. माझ्या बोटांना हल्ली
पेन हातात आहे की नाही
ते बघितल्याशिवाय कळत नाही.

थोडंसं, लिही.
सगळ्यांना थोडंसंच सांगते मी,
रामिरोला, लेकीला, फेरीवर तिकिटं फाडणाऱ्या पोराला.
दाराशी टांगलेल्या स्वेटरसारखा शब्द आहे,
कुणी आलं की अंगावर चढवायचा.

एकतीस वर्षं पोर्वेनीरच्या कारखान्यात
खेकड्यांचे पाय सोलले.
कवचाची केसाएवढी कपची मांसात राहिली
तरी डोळ्यांआधी बोटांना समजायची.
मुकादम म्हणायचा, एदुविहिसचा डबा तपासायला नको.
औषधाने ती टोकं नेली.
येतील परत, कदाचित, डॉक्टर म्हणाले,
आणि 'कदाचित'च्या वेळी स्क्रीनकडे बघत राहिले.

काल कोटाच्या एका बटणाला अकरा मिनिटं.
रामिरो दारात, मदत करू की नको
अशी टोपी फिरवत.
मी ओरडले त्याच्यावर.
तो कोंबड्यांना दाणे घालायला गेला.
दाणे सकाळीच घालून झाले होते.
याचा चौकोन कुठला?

भूक? पाण्यालाच खिळ्यांची चव लागते.
झोप? येते की. तीनला उठून जाते.
मग वारा पत्रे बडवतो आणि मी मोजते:
या मार्चमध्ये नातू शाळेत जाईल,
त्याच्या पुढच्या मार्चला
तिथे मी दिवा लावते.

रडू येतं का, ते पुढच्या पानावर असेल.
नाही. भांडी घासताना नळ जोरात सोडते, एवढंच.

आता एक सांगते. जागा नसली तर समासात लिही.
मागच्या गुरुवारी सामुद्रधुनीत वारा पिसाळला.
बंदर बंद. फेरी नाही.
चौकात माणसं दोऱ्या धरून रस्ता ओलांडत होती,
त्या पालिकेच्या दोऱ्या.
मीही धरली. हाताला काही लागेना.
पुढच्या म्हाताऱ्याची पाठ हलली की वाटायचं,
असणार, दोरी असणार.

नोल्फाबाईंच्या खाणावळीत आम्ही चौघं अडकलो.
नातालेसची मास्तरीण, विगवाली.
गळ्याला भोक पडलेला मेंढपाळ, पाटीवर लिहून बोलणारा.
आणि एक पोरगा, विशीतला, गप्प.
पत्ते काढले. माझे पत्ते बोटांतून गळायचे,
उताणे, सगळ्यांसमोर.
मेंढपाळ खुशाल बघायचा,
आणि तरी हरायचा!
पाटीवर त्याने शिवी लिहिली, शुद्धलेखनाच्या चुकीसकट,
मास्तरणीने खडूने ती सुधारली,
आणि तो पोरगा असा हसला
की तिने विग काढून किटलीला घातला.
नोल्फाबाई ओरडत आल्या, चहा जळेल म्हणून,
आणि दारातच बसल्या.

त्या रात्री तीन वाजलेच नाहीत.
लेकीला वाटत होतं, आई बिचारी अडकली.
रामिरोला वाटत होतं, थंडीत कुठे असेल.
बरं वाटतंय असं कुणाला
सांगायचं नव्हतं मला,
आणि बरं वाटत होतं.

सकाळी रेडिओ म्हणाला, बंदर उघडलं.
हे हळू सांगते. दार लोटून घे.
मला वाईट वाटलं.
नवरा धक्क्यावर उभा असणार, गरम पाण्याची बाटली कोटात घालून,
आणि मला वाईट वाटलं.

बरंच, का खूप?
तू ठरव.

शेवटचा प्रश्न वाच परत.
एकंदरीत तुमचं आयुष्य कसं आहे, एक ते सात.
एकंदरीत म्हणजे कुठल्या दिवसाचं, पोरी?
गुरुवार वेगळा धर.

फेरी पाचची आहे.
जरा खिडकीतून बघ ना,
तो समोरचा झेंडा
किती फडफडतोय.